रस्त्यावर उघडणारी दारे

नवी मुंबईच्या कडेला होणारी नवी वस्ती कशी असावी, याची चर्चा जिथे जिथे निघते, मग ती नगररचना योजनेच्या सुनावणीत असो, सोसायटीच्या वार्षिक सभेत असो की पनवेलच्या एसटी स्थानकाबाहेर चहा पिताना, तिथे पहिला प्रश्न मजल्यांचा असतो. इमारत सात मजली होणार की वीस मजली, चटई क्षेत्र (एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येते ते प्रमाण) एक मिळणार की अडीच, यावर तासभर बोलणे होते आणि त्याच मुद्द्यावर माणसे दोन बाजूंना उभी राहतात. मी खारघरला राहते, त्यामुळे या चर्चा ऐकण्याचे प्रसंग मला वारंवार येतात आणि त्यांत मी बोलतेही. माझे म्हणणे असे आहे की मजल्यांचा प्रश्न दुय्यम आहे. वस्ती दिवसभर जागती राहणार की नुसती रात्री झोपण्यापुरती उरणार, हे भूखंड केवढा कापला आहे, त्यावरची इमारत रस्त्याकडे तोंड करून उभी आहे की पाठ फिरवून, आणि शाळा, पाणी व बस या गोष्टी घरांच्या आधी येतात की नंतर, यावर ठरते. आजच्या वादात याच तीन गोष्टींवर सर्वांत कमी बोलले जाते.

वाद कशाविषयी आहे, ते आधी सांगायला हवे. नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी म्हणजे सिडको. विमानतळाभोवतीच्या गावांसाठी तिला २०१३ मध्ये विशेष नियोजन प्राधिकरण नेमण्यात आले आणि त्या पट्ट्याला, म्हणजे विमानतळ प्रभाव अधिसूचित क्षेत्राला, त्याच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून सगळे जण ‘नैना’ म्हणू लागले. नवी मुंबई वसवताना १९७० पासून ९५ गावांची जमीन संपादित झाली होती. नैनामध्ये तसे सरसकट संपादन न करता नगररचना योजनेची वाट धरली गेली. गावातल्या सगळ्या जमिनी कागदावर एकत्र करायच्या, त्यांतून रस्ते, शाळा, मैदाने, उद्याने आणि प्राधिकरणाच्या जागा काढायच्या आणि मूळ मालकाला ४० टक्के क्षेत्राचा आखीव भूखंड अडीच चटई क्षेत्रासह परत द्यायचा, अशी ही पद्धत आहे. ती आपल्याला नवी नाही. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्यापासून ती इथे आहे. गुजरातने ती नेटाने चालू ठेवली, महाराष्ट्रात ती मागे पडली. आता आकुर्ली, चिपळे, देवद, विहीघर अशा गावांत ती पुन्हा आली आहे. दरम्यान अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला, त्याच दिवशी लोकल उरणपर्यंत पोहोचली, विमानतळाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झाले, आणि त्याहीपुढे उरण, पनवेल व पेण तालुक्यांतल्या १२४ गावांसाठी कर्नाळा–साई–चिरनेर या नव्या नगराची अधिसूचना निघाली आहे. शहराची कड अशी दरवर्षी पुढे सरकते आहे. तिथे जे बांधले जाईल ते निदान दोन पिढ्या बदलणार नाही. म्हणून हा वाद आत्ता आणि नीट होणे मला फार महत्त्वाचे वाटते.

दाट, मिश्र वापराच्या (घरे, दुकाने, कार्यालये एकत्र असलेल्या) वस्तीला जे रहिवासी विरोध करतात, त्यांना स्वार्थी म्हणून बाजूला सारण्याची रीत मला मान्य नाही. खारघर, कामोठे, कळंबोली या भागांतल्या माणसांनी उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली आहे. २०१६ मध्ये पनवेल महानगरपालिका झाली, त्यानंतर सिडकोचे सेवाशुल्क आणि पालिकेचा मालमत्ता कर असे दोन्ही भरायचे का, यावर त्यांनी वर्षानुवर्षे भांडण केले आहे. मानसरोवर स्थानकासमोरच्या मोकळ्या जागेवर पंतप्रधान आवास योजनेतल्या इमारती उभ्या करायच्या ठरल्या, तेव्हा कामोठ्याचे लोक रस्त्यावर उतरले. स्थानकाला लागून घरे बांधावीत हे तत्त्व कोणत्याही नियोजनकाराला पटेल असेच आहे आणि मलाही ते पटते. पण ज्या माणसाने घर घेताना समोर वाहनतळ आणि मोकळी जागा पाहिली, त्याला हे तत्त्व नंतर ऐकवले जाते तेव्हा त्याच्या मनात शंकाच येते. या विरोधात दाटीची भीती थोडी आहे आणि दिलेला शब्द पाळला जाणार नाही ही आठवण जास्त आहे. नवी मुंबई महानगरपालिका १ जानेवारी १९९२ रोजी अस्तित्वात आली आणि तिचा स्वतःचा पहिला प्रारूप विकास आराखडा लोकांसमोर आला तो ऑगस्ट २०२२ मध्ये. मधल्या तीस वर्षांत कोणता भूखंड मैदानाचा आणि कोणता विक्रीचा, यावर पालिका आणि सिडको यांचे मतभेद होत राहिले. त्या काळात वाढलेल्या माणसांनी नकाशावरच्या हिरव्या रंगावर पटकन विश्वास ठेवावा, अशी अपेक्षा कुणी करू नये.

समर्थकांची बाजूही तितकीच भक्कम आहे. एका अंगाला पारसिकचा आणि खारघरचा डोंगर, दुसऱ्या अंगाला खाडी आणि कांदळवन, पूर्वेला माथेरानच्या पायथ्याची भातशेती, यांच्यामध्ये जी जमीन आहे तेवढीच आहे. ती विरळ वापरली तर शहर डोंगरावर चढेल किंवा खाडीत उतरेल. पण या बाजूची मंडळी बोलताना दाटी आणि उंची एकच धरतात, आणि तिथे माझा त्यांच्याशी मतभेद होतो. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी ऐंशीच्या दशकात बेलापूरला आखलेले आर्टिस्ट व्हिलेज पाहावे. साधारण साडेपाच हेक्टरांत सुमारे ५५० कुटुंबांची सोय, ४५ चौरस मीटरांपासूनचे छोटे भूखंड, सात-सात घरांमध्ये एक सामाईक अंगण आणि एकही उंच इमारत नाही. हेक्टरी १०० घरे तिथे जमिनीलगत बसली. पुढे अनेकांनी त्या घरांवर मजले चढवले, काही मूळ घरे ओळखू येणार नाहीत इतकी बदलली, तरी अंगणे टिकली.

मिश्र वापराचे याहून जवळचे उदाहरण मात्र आमच्याकडे एका वेगळ्याच वाटेने आले आहे, आणि त्याचा उल्लेख या वादात कुणी करत नाही याचे मला मनापासून वाईट वाटते. जानेवारी १९८४ मध्ये शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली संपादित जमिनीच्या मोबदल्यासाठी झालेल्या आंदोलनात जासईच्या परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकऱ्यांना हौतात्म्य आले. त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्क्यांची योजना निघाली. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के क्षेत्र विकसित भूखंडाच्या रूपाने शेतकऱ्याला परत द्यायचे, त्यातले पावणेचार टक्के सार्वजनिक सुविधांसाठी वजा करायचे, म्हणजे हातात पावणेनऊ टक्के. या भूखंडांना दीड चटई क्षेत्र मिळाले आणि त्यातले १५ टक्क्यांपर्यंत बांधकाम व्यापारी वापराला ठेवण्याची मुभा मिळाली. मागणी न्यायाची होती. नगररचनेचा विचार तेव्हा कुणाच्याच डोक्यात नसेल. पण तळमजल्यावर गाळे आणि वर घरे अशी जी रांग आज खारघर, कामोठे, उलवे, घणसोली, कोपरखैरणे इथल्या असंख्य रस्त्यांवर दिसते, तिच्यामागे मोठ्या प्रमाणात हीच तरतूद आहे. सिडकोच्या मूळ आखणीत प्रत्येक सेक्टरला ठरावीक जागी बाजार होता. घराखालची दुकाने आली ती भूमिपुत्रांच्या भूखंडांवर.

मी अशाच एका इमारतीत राहते. खाली किराणा आहे, औषधांचे दुकान आहे, पिठाची गिरणी आहे, एक शिंपी आहे, आणि आमच्याच इमारतीतल्या एका बाईंचे पोळी-भाजी केंद्र आहे. पहिल्या मजल्यावर दंतवैद्य आणि मुलांची शिकवणी. माझ्या आईला गुडघ्यांमुळे लांब चालवत नाही, तरी ती रोज संध्याकाळी खाली उतरते, कारण खाली उतरल्यावर करण्यासारखे काही असते आणि बोलायला कुणी असते. शिकवणीतून सुटलेली मुले किराणावाल्याच्या नजरेसमोर खेळतात. पावसाळ्याच्या तोंडाशी डोंगरावरच्या पाड्यांतून बायका शेवळे आणि काकडे घेऊन येतात, नंतर टाकळा, कुर्डू, कंटोली, आणि त्या बसतात त्या याच गाळ्यांच्या पायऱ्यांवर, कारण माणसे इथूनच जातात. हे भूखंड काही शे चौरस मीटरांचे असल्यामुळे पन्नास पावलांत तीन इमारती येतात, तीन मालक येतात, सात-आठ दारे येतात. एक गाळा बंद पडला तरी रस्ता ओस पडत नाही.

या रचनेतले त्रास खोटे नाहीत. उपाहारगृहाच्या धुराड्याची वाफ वरच्या खिडकीत जाते, माल उतरवणारे टेम्पो पहाटे उभे राहतात, ग्राहकांच्या दुचाकी फाटक अडवतात, उंदीर वाढतात. सभांमध्ये यावरून कडाक्याची भांडणे होतात आणि ती व्हायलाच हवीत. पण हे सगळे प्रश्न कोणत्या प्रकारच्या धंद्याला कुठे परवानगी द्यायची, धुराडे कुठून न्यायचे आणि माल किती वाजता उतरवायचा, या नियमांनी सुटण्यासारखे आहेत. रस्त्याला दारेच नसतील तर कोणत्याही नियमाने ती नंतर आणता येत नाहीत.

माझी मावशी नवीन पनवेलच्या पुढे महामार्गालगतच्या एका मोठ्या संकुलात राहते. घर प्रशस्त आहे, बाग सुरेख आहे, तरणतलाव आहे. बाहेरून पाहिले तर उंच कुंपणभिंत, तिच्यामागे तीन मजले वाहनतळ आणि त्यावर घरे. रस्त्याच्या त्या संपूर्ण लांबीत एकच फाटक. सर्व वस्तू घरपोच मागवता येतात, तशा ती मागवते, पण एकदा मला म्हणाली, “अगं, आठवडा आठवडा फाटकाबाहेर पाऊल पडत नाही. बाहेर जायचं तरी कशाला, रस्त्याच्या कडेनं चालायला जागा नाही आणि चालून पोचायलाही काही नाही.” त्या संकुलात हेक्टरी घरे आमच्या रस्त्यापेक्षा जास्तच असतील. दाटी आहे, मजलेही आहेत, आणि तरीही जिला सुटसुटीत, पायी फिरता येणारी वस्ती म्हणतात ती तिथे नाही. एकरांच्या हिशेबाने एकाच निविदेत विकलेल्या भूखंडावर असेच होते. जमीन विकून त्या पैशातून शहर उभारायचे, हे सिडकोचे सुरुवातीपासूनचे अर्थकारण आहे, आणि मोठा भूखंड एका घावात विकणे प्रशासनाला सोपे जाते. या अर्थकारणामुळेच इथले रस्ते, स्थानके आणि उद्याने झाली, हे मी नाकारत नाही. परंतु भूखंडाचा आकार हा केवळ विक्रीच्या सोयीचा प्रश्न नाही, पुढच्या रस्त्याचे स्वरूप त्याच क्षणी ठरून जाते.

बसचेही तसेच आहे. ज्या भागात नुसती घरे आहेत, तिथली बस सकाळी भरून बाहेर जाते आणि रिकामी परत येते, संध्याकाळी उलटे होते, आणि दुपारी ती चालवणे परवडत नाही म्हणून फेऱ्या कमी होतात. फेऱ्या कमी झाल्या की माणसे दुचाकी घेतात. जिथे घरांबरोबर दवाखाने, शाळा, लहान कार्यालये, कारखान्यांची कामे आहेत, तिथे बसला दोन्ही दिशांनी प्रवासी मिळतात. अभियंते शिरीष पटेल आणि वास्तुरचनाकार प्रवीणा मेहता व कोरिया यांनी साठच्या दशकात खाडीपलीकडच्या शहराची कल्पना मांडली, तेव्हा कामाची ठिकाणेही इकडे यावीत हाच तिचा गाभा होता. घाऊक बाजार वाशीला आला, लोखंड बाजार कळंबोलीला आला, कोकण भवन बेलापूरला आले, पण मंत्रालय जागचे हलले नाही आणि पुष्कळ वर्षे सकाळच्या गाड्या मुंबईकडेच भरून जात राहिल्या. कडेच्या नव्या वस्तीत हीच गोष्ट पुन्हा होऊ द्यायची का, हा खरा सार्वजनिक प्रश्न आहे.

पाण्याबद्दल थोडे. इथली सखल जमीन भरतीच्या पातळीशी झगडते, म्हणून सिडकोने धारण तलाव बांधले, भरतीच्या वेळी पावसाचे पाणी त्यांत थांबते आणि ओहोटीला बाहेर जाते. संपूर्ण भूखंडाखाली वाहनतळ आणि वर काँक्रीट केले की जमिनीत मुरणारे पाणी थेट गटारात येते. दाट वस्ती हवी असेल तर वाहनतळाची सक्ती कमी करावी लागेल, आणि ती कमी करायची तर बस आधी यावी लागेल. शाळा, जलवाहिनी आणि बस ही घरांच्या आधी हवीत असा माझा आग्रह यासाठीच आहे.

केवळ लहान भूखंड आणि घराखाली दुकान असले म्हणजे झाले, असेही नाही. नवीन पनवेलला लागून असलेल्या सुकापूर, विचुंबे, उसर्ली या भागांत आराखडा येण्याच्या आधीच इमारती उभ्या राहिल्या. दुकाने आहेत, माणसे आहेत, सगळे चालत जाण्याच्या अंतरावर आहे. पण रस्ते अरुंद आहेत, सांडपाण्याची सोय अपुरी आहे, आणि मैदानासाठी जागा शोधायची तर ती आता कुणाच्या तरी घराखाली आहे. तिथल्या लोकांना दोष देण्यात अर्थ नाही. शहर दाराशी आले आणि आराखडा आला नाही, तेव्हा ज्याला जे परवडले ते त्याने केले. नगररचना योजनेचे मोल कळायचे असेल तर या गावांतून पावसाळ्यात एकदा चालावे.

म्हणूनच शेतकऱ्यांचे म्हणणे मला या वादात सर्वांत महत्त्वाचे वाटते, आणि ते फक्त साठ-चाळीसच्या (साठ टक्के जमीन योजनेला, चाळीस टक्के मालकाला) घोषणेपुरते ऐकले जाते याची खंत वाटते. नेऱ्याकडच्या एका काकांशी या विषयावर माझे बोलणे झाले. ते म्हणाले, “ताई, आमची जमीन बावीस गुंठे. चाळीस टक्के म्हणजे नऊ गुंठेही होत नाहीत, आणि आम्ही भाऊ चार. वर सुधारणा शुल्क भरा म्हणतात. ते कुठून भरायचे?” मी विचारले, की भूखंड मिळाला तर त्याचे काय करायचे मनात आहे. त्यांनी क्षणाचाही विलंब न लावता सांगितले, “फ्लॅट विकले की पैसा संपतो. माझ्या मामाने साडेबारा टक्क्यांत दोन गाळे ठेवून घेतले, त्यांच्या भाड्यावर त्याची म्हातारपणाची दहा वर्षे निघाली. मला गाळे पाहिजेत. पण बिल्डर म्हणतो, एवढ्याशा प्लॉटवर पूर्ण एफएसआय बसत नाही, शेजारच्यांचे एकत्र करून द्या, मग बघू.”

बिल्डर म्हणतो त्यात तथ्य आहे, आणि ते समजून घ्यायला हवे. नऊ गुंठ्यांचा भूखंड म्हणजे सुमारे ९०० चौरस मीटर. अडीच चटई क्षेत्राने त्यावर सव्वादोन हजार चौरस मीटर बांधकाम कागदावर मिळते. पण चारही बाजूंनी सोडायची मोकळी जागा, आग विझवण्याच्या गाडीचा मार्ग आणि प्रत्येक घरामागे वाहन उभे करण्याची तरतूद केली की तेवढे बांधकाम बसवणे अवघड जाते. मग दहा-बारा शेतकऱ्यांचे भूखंड एकत्र येतात, त्यांचा एकच करारनामा होतो, त्यावर एक संकुल, एक भिंत आणि एक फाटक उभे राहते. शेतकऱ्याच्या वाट्याला गाळ्याऐवजी वरचा एखादा फ्लॅट येतो, आणि रस्त्याच्या वाट्याला भिंत. साडेबारा टक्क्यांच्या काळात त्रिपक्षीय करारांतून (सिडको, शेतकरी आणि बिल्डर यांच्यातल्या) पुष्कळ भूखंड बिल्डरांकडे गेले, तरी भूखंड लहान राहिल्यामुळे रस्ता वाचला. नैनामध्ये भूखंडच एकत्र झाले तर तोही वाचणार नाही. काकांच्या भाड्याचा प्रश्न आणि माझ्या आईच्या संध्याकाळचा प्रश्न इथे एकाच नियमाशी येऊन मिळतात.

प्रारूप योजनेवर हरकती आणि सूचना देण्याची मुदत असते, तीत जमीन नसलेल्या माणसानेही बोलावे असे मला वाटते, म्हणून मी लेखी सूचना दिली आहे. मजले किती असावेत याबद्दल तीत एक ओळही नाही. हजार चौरस मीटरांपर्यंतच्या भूखंडांवर शेजारच्या इमारतीला भिंत लावून बांधण्याची मुभा द्यावी, म्हणजे बाजूची मोकळी जागा वाया जाणार नाही आणि पूर्ण चटई क्षेत्र बसेल, असे पहिल्या परिच्छेदात आहे. त्यांच्यासाठी वाहनतळाची सक्ती शिथिल करून दर काही गल्ल्यांमागे एक सामाईक वाहनतळ ठेवावा. किती भूखंड एकत्र करता येतील यावर कमाल मर्यादा घालावी. मुख्य रस्त्यावर तळमजल्याची दारे रस्त्याकडेच उघडली पाहिजेत आणि तिथे कुंपणभिंत नको. शाळेचा भूखंड आणि जलवाहिनी पूर्ण झाल्याशिवाय त्या गल्लीतल्या घरांना भोगवटा प्रमाणपत्र (राहायला जाण्याची परवानगी) देऊ नये, ही अट बिल्डरांना जाचक वाटेल हे मला ठाऊक आहे, तरी ती मी ठेवली आहे.

शेवटचा परिच्छेद गावठाणांबद्दल आहे. जुन्या सेक्टरांच्या आखणीत अनेक गावठाणे रस्त्यांच्या मागे अडकून पडली, त्यांच्या गल्ल्या नव्या रस्त्यांना नीट मिळाल्याच नाहीत, आणि कुटुंब वाढल्यावर गावकऱ्यांनी परवानगीशिवाय, गरजेपोटी बांधलेल्या घरांचा प्रश्न त्यातूनच वर्षानुवर्षे चिघळला. नेरे, विहीघर, चिपळे इथली गावठाणे आज देऊळ, दुकान, घर आणि अंगण एकाच हाकेच्या अंतरात घेऊन उभी आहेत. नव्या योजनेचे रस्ते त्यांच्या प्रत्येक गल्लीला पायी जाण्याजोगे जोडावेत आणि वाढत्या कुटुंबांच्या घरांसाठी गावठाणाला लागूनच जमीन राखावी, अशी मागणी मी केली आहे. काकांनी तो मसुदा वाचून त्यात एक गोष्ट आपल्या हाताने वाढवली: गावातल्या आठवडी बाजाराची जागा नकाशावर बाजार म्हणूनच दाखवावी, उद्यान म्हणून नव्हे.